डोळ्यांवर उजेड नको

नवाबचाचांच्या तळावर येणाऱ्या पाहुण्याला पहिला झटका फाटकापाशीच बसायचा. तिथे एक पत्र्याची पाटी होती आणि तिच्यावर चाचांनी स्वतःच्या हाताने रंगवलेले नियम होते. रात्री नऊला सगळे दिवे बंद. गाडीचं तोंड रस्त्याकडे करूनच लावायची, म्हणजे कुणी अपरात्री निघालं तर हेडलाइट तंबूंवर पडत नाही. टॉर्चच्या काचेला लाल पतंगी कागद लावायचा, कागद स्वयंपाकघरात मिळेल. आणि सगळ्यात खाली मोठ्या अक्षरांत: कुणाच्याही डोळ्यांवर उजेड नको. लोक वाचून हसायचे. इतक्या लांब येऊन अंधारात बसायचं का, असं एखादा विचारायचाच. चाचा म्हणायचे, "उजेड तुमच्या घरी लई हाय, साहेब. जे घरी नाय ते बघा इथं."

उजेडाच्या बाबतीत हा माणूस मुळातच खडूस, आणि त्याला कारण होतं. फर्दापूरच्या या माणसाने एकतीस वर्षं लेण्यांत पहारेकऱ्याची नोकरी केली. फ्लॅश मारू नका, मारू नका, मारू नका, हे एक वाक्य त्यांनी किती भाषांत आणि किती लाख लोकांना सांगितलं असेल त्याची गणती नाही. लोक हो म्हणायचे आणि पाठ वळली की मारायचे. पण त्याच नोकरीत त्यांना एक कलाही मिळाली होती. आतली वीज गेली की चाचा दाराशी आरसा घेऊन बसायचे, बाहेरचं ऊन आरशात धरायचे, ते आत ठेवलेल्या पांढऱ्या फळीवर पाडायचे, आणि फळीवरून मऊ झालेला उजेड भिंतीवरच्या चित्रावर जायचा. बघणाऱ्याला वाटायचं, चित्रातूनच उजेड येतोय.

शाळेला सुट्टी असली की मुलगा हारिस बरोबर असायचा. त्याच्या हातात आरसा देऊन चाचा मागे उभे राहायचे. आधी जमिनीवर पाड, मग हळू सरकव. पाहुण्याच्या डोळ्यांवर गेला तर तो आंधळा होतो, मग चित्र दाखवणार कुणाला? आणि घरच्या दखनीत एक वाक्य तर ठरलेलंच, "हात नक्को हिलाव." हात हलला की भिंतीवरचा सगळा उजेड थरथरायचा, आणि चाचांना ते अजिबात खपायचं नाही.

निवृत्तीनंतर लोक पानटपरी टाकतात, रिक्षा घेतात. चाचांनी डोंगराच्या पायथ्याच्या आपल्या वावरात सहा तंबू ठोकले. त्या वावरात पाणी कमी आणि दगड जास्त, पण अंधार असा की हाताची बोटं दिसू नयेत. त्यांच्या पत्नी जोहराबी चुलीवर भाकरी आणि भरीत करायच्या. पाहुणे बेताचेच यायचे. खरा आधार होता तो सुलेखा मॅडमचा. मॅडम शहरात गारखेड्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवायच्या आणि दर हिवाळ्यात अमावास्या धरून मुलींना आकाश दाखवायला आणायच्या. त्यांचं बघून दुसऱ्या शाळाही येऊ लागल्या. मुली लाल कागदाच्या टॉर्च घेऊन काजव्यांसारख्या हिंडायच्या, आणि चाचा मधोमध खुर्ची टाकून बसायचे. लेण्यांमधल्या नोकरीत त्यांना इतका मान कधी मिळाला नव्हता.

मग दिवाळीच्या पाडव्याला शेजारच्या वावरात गोकुळने 'कॅम्प चांदणी' उघडला.

गोकुळ म्हणजे बांधाशेजारच्या सांडू पाटलाचा मुलगा. शहरात चांगल्या नोकरीला होता. शहरात राहून त्याला एक गोष्ट पक्की कळली होती की लोकांना निसर्ग हवा असतो, पण पायाखाली फरशी लागते. म्हणून त्याने फरशी घातली, पांढरे तंबू उभे केले, तंबूंत पलंग ठेवले. इथवर कुणाचं काही बिघडलं नाही. पण बांधावर त्याने वीस फुटी खांब रोवला आणि त्यावर असा दिवा बसवला की क्रिकेटची मॅच खेळवावी. नाव चांदणी, आणि पहिल्याच रात्री साऱ्या चांदण्या पुसून टाकल्या! असल्या माणसाला काय म्हणावं ते सभ्य भाषेत सांगता येत नाही.

चाचांच्या वावरात त्या रात्री भर दिवसासारखं दिसत होतं. जोहराबींनी खिडकीला चादर बांधली. चाचांनी हारिसला फोन लावला. हारिसचं गारखेड्यात विजेच्या सामानाचं दुकान होतं, फिटिंगची कामं घ्यायचा, गोकुळशी त्याची बोलचाल होती. "गोकुळशी जरा बोल," असं चाचांनी सांगितलं. "देखता मैं, अब्बा," म्हणाला आणि गिऱ्हाईक आलंय म्हणून त्याने फोन ठेवला.

कार्तिकातल्या अमावास्येला सुलेखा मॅडम बावीस मुलींना घेऊन आल्या आणि व्हायचं तेच झालं. मुली माना वर करून बसल्या. मॅडम म्हणाल्या, कृत्तिका शोधा, द्राक्षाच्या घडासारखा तारकांचा झुबका असतो, नुसत्या डोळ्यांनी सहा दिसतात, नजर चांगली असेल तर सात. आठवीतल्या उजमाने डोळ्यांवर दोन्ही हातांचा आडोसा धरून खूप वेळ बघितलं. "दोन दिसतात, मॅडम. दुसरी पण नक्की नाही," ती म्हणाली. एक मुलगी रडवेली झाली. चाचांना मान वर करून कुणाकडे बघवेना.

जाताना मॅडम हळू आवाजात बोलल्या, "चाचा, मी मार्गशीर्षात परत आणते यांना. पण तेव्हाही असंच असेल तर मला दुसरी जागा बघावी लागेल. बाकीच्या शाळाही मलाच विचारून येतात हो."

तळाचं मरण म्हणजे काय ते चाचांना कळलं. दुसऱ्या रविवारी ते पांढरा सदरा घालून बांध ओलांडून गेले.

गोकुळने उठून खुर्ची दिली, चहा मागवला. बोलण्यात कुठे उणं नाही. "चाचा, पाव्हणे शहरातले. बिबट्याचं नाव काढलं तरी घाबरत्यात. उजेड नसंल तर राहत नाय कुणी. आन् तुमच्या वावराचीबी राखण होतीया फुकटात."

"मला नगं राखण," चाचा म्हणाले. "तुझा धंदा तू कर, बाबा. फक्त अमावास्येच्या एका रात्री, आठ ते बारा, बंद ठेव. लेकरं येत्यात लांबून."

"एवढंच व्हय? बंद म्हणजे बंद. तुमचा शब्द आमच्या बापानं कधी खाली पडू दिला का?"

तेही खरंच होतं. चाळीस वर्षांत त्या बांधावरून दोन घरांत वाकडा शब्द गेला नव्हता. चाचांचा जीव भांड्यात पडला. चहा घेता घेता अंधारून आलं आणि खांबावरचा दिवा आपोआप लागला. तेव्हा चाचांच्या लक्षात आलं की आपण बसलोय तिथे मात्र उजेडाचा टिपूस नाही. फरशीवर मंद पिवळे कंदील, बायामाणसं आरामात गप्पा मारतायत. त्यांनी मान वर करून बघितलं. दिव्याला एका बाजूने पत्र्याची टोपी होती. अशी मापात वाकवलेली की एक तिरीपसुद्धा गोकुळच्या पाहुण्यांकडे येत नव्हती. सगळा लोट बांधापलीकडे, सहा तंबूंवर.

राग यायला हवा होता. पण एकतीस वर्षं उजेड वळवण्यात गेलेल्या माणसाला आधी हातातली सफाई दिसली. "काम मात्र ब्येस केलंय," ते म्हणाले. "हात बसलेला हाय कारागिराचा."

"शहरातला मिस्त्री हाय," असं म्हणून गोकुळने दुसरा विषय काढला.

घरी आल्यावर चाचांनी जोहराबींना सांगितलं, काम झालं. दुसऱ्या दिवशी जोहराबींनी गोकुळकडे मटणाचा डबा पाठवला. लिहून घेणं, पुन्हा आठवण करून देणं असले प्रकार चाचांच्या डोक्यातही आले नाहीत. चहा पिऊन दिलेल्या शब्दाची आठवण करून द्यायची म्हणजे समोरच्याचा अपमान, अशी त्यांची समजूत.

मार्गशीर्षातली अमावास्या आली. दुपारीच मॅडमची बस आली. आभाळ धुऊन ठेवल्यासारखं स्वच्छ होतं. उजमा या वेळी वही घेऊन आली होती. चाचांनी स्वतः बावीस टॉर्चना लाल कागद लावून दिला. मुली जेवल्या, सतरंज्यांवर आडव्या झाल्या. आणि दिवस मावळून नीट अंधार पडायच्या आत खांबावरचा दिवा फाडकन लागला.

"आठला बंद होईल," चाचा मॅडमना म्हणाले. आठ वाजले. सव्वाआठ झाले. मॅडम नुसत्या घड्याळाकडे बघत राहिल्या, आणि ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं. चाचा टॉर्च घेऊन उठले.

गोकुळ आलेलाच नव्हता, फोन बंद. रामकिसन नावाचा राखणदार खांबापाशी बिडी ओढत होता. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. "चाचा, मला बटनच नाय. अंधार पडला की त्येच्या मनानं लागतंय, उजाडलं की इझतंय. पेटीला कुलूप, किल्ली साहेबाकडं. पेटीवर मिस्त्रीचा नंबर हाय, लावून बघा."

चाचांनी पेटीवर टॉर्च धरली. पिवळं स्टिकर होतं. हारिस इलेक्ट्रिकल्स, गारखेडा. खाली फोन नंबर. तो लावायला चाचांना चष्मा लागला नाही.

"हां, अब्बा?"

"गोकुळ के खंबे के पास खडा मैं," चाचा म्हणाले.

मग हारिसचा आवाज आला, एकदम खाली गेलेला. "काम था, अब्बा. मैं नै लगाता तो दूसरा कोई लगाता."

"और पत्रा? पत्रा कौन मोड्या?"

"मैंच. गोकुळभाऊ बोले, हमारे पावन्यां के आंखां पे उजाला नक्को. तुम्हीच सिखाये ना वो मेरेकू. इस वास्ते पत्रा मोडके उदर फिराया."

"उदर कौन रहता?"

"उदर अपनाच वावर है ना, अब्बा. दूसरे के वावर पे फिराता तो झगडा होता. घर का मानूस क्या बोलनेवाला, ऐसा समझा मैं."

चाचांना वाटलं, फोन फेकून द्यावा. मुलाला कडाकडा बोलावं, त्याच्या दुकानाला, त्याच्या पत्र्याला, त्याच्या मापाला. लाज वाटली ती त्या कौतुकाची. हात बसलेला हाय, असं म्हणालो होतो आपण, आणि गोकुळने 'शहरातला मिस्त्री' म्हणून विषय बदलला होता. पण बांधापलीकडे बावीस मुली उताण्या पडून होत्या. चाचांनी एवढंच विचारलं, "बंद कैसा करना?"

"मैं अब्बी निकला तो बी तीन घंटे लगते. एक काम करो. डब्बे के बाजू में गोल काच है, देखो. उसपे टॉर्च मारो, एकदम नजदीक से. उसकू लगता दिन निकल्या. बुझ जाता."

चाचांनी टॉर्च काचेवर धरली. काही झालं नाही. लाल कागदातून जाणारा उजेड त्या यंत्राला पुरेना. चाचांनी दुपारी स्वतःच्या हाताने चिकटवलेला कागद नखाने टरकावला आणि पांढरा झोत काचेला भिडवला. एक, दोन, तीन, चार मोजेपर्यंत दिवा जळत राहिला, आणि मग विझला. डोंगर एकदम जवळ आल्यासारखा वाटला. बांधापलीकडून मुलींचा एकच आवाज उठला.

"बुझ्या?" हारिसने विचारलं. "अब वैसाच पकडो, अब्बा. हात नक्को हिलाव. हिल्या तो फिर से जलता."

चाचांनी फोन खिशात टाकला. रुमालाने टॉर्च पेटीला बांधायला गेले तर रामकिसन पुढे झाला. "बांधू नगा, चाचा. साहेबाच्या वस्तूला काय बांधलेलं दिसलं तर माझी नोकरी जाईल. तुम्ही धरून उभं राहिला तर मला म्हणता येतंय, चाचा उभे होते." गरिबाचं म्हणणं खोटं नव्हतं. गोकुळच्या तंबूतून कुणीतरी ओरडून विचारलं, लाइट का गेली? रामकिसनने ओरडून सांगितलं, येतीया थोड्या वेळात.

मग चाचा उभे राहिले. काचेला टॉर्च भिडवून, पेटीकडे तोंड करून, खांदा वर उचलून. उजेड बाहेर सांडू नये म्हणून दुसऱ्या हाताचा आडोसा टॉर्चभोवती धरलेला. बोटांच्या फटींतून जेवढा उजेड निसटत होता तेवढा नेमका त्या पिवळ्या स्टिकरवर पडत होता. एकदा त्यांनी मान वर करून बघितलं. इतका वेळ पांढऱ्या झोताकडे बघून डोळे दिपले होते, आभाळात नुसते हिरवे डाग नाचत होते. त्यांनी पुन्हा काचेकडे नजर लावली.

नऊ वाजले, दहा वाजले. बांधापलीकडे मॅडमचा आवाज संथ चालला होता, मृग, रोहिणी, आणि आता कृत्तिका. उजमा मोठ्याने मोजत होती. चार, पाच, सहा. मग थांबली. "थांबा, थांबा, मॅडम," ती ओरडली, "सात! सात आहेत!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मॅडम हसत म्हणाल्या, "अहो जोहराबी, चाचा कुठे आहेत? बोलवा त्यांना. आज तर त्यांनी बघायलाच हवं."

जोहराबींना आपल्या दारातून खांबाखाली उभा असलेला माणूस दिसत होता. त्यांचं उत्तर चाचांना स्पष्ट ऐकू आलं.

"ड्यूटी पे है वो, मॅडम."

चाचांचा उजवा हात खांद्यापासून बधिर झाला होता. हात बदलायला हवा होता. पण तेवढ्यात काचेवरचा उजेड हलला असता, आणि दिवा लागला असता. चाचांनी हात बदलला नाही.