सॉरीपेक्षा जड शब्द

लोणच्याच्या बरणीत ओला चमचा मी घातला होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे तुम्ही माझ्या सासूबाईंवर उगाच चिडणार नाही.

कैऱ्या आमच्या झाडाच्या आणि हात शेजारच्या विमलकाकूंचा, असं दोन्ही घरांचं लोणचं दरवर्षी एकत्र पडतं. यंदा पोळ्यानंतर आमच्या बरणीत पांढरी बुरशी दिसली. मी बीएस्सीला सूक्ष्मजीवशास्त्र घेतलेली बाई. बुरशी कुठून आली, हे मला झाकण उघडताक्षणीच कळलं. काही दिवसांपूर्वी लोणचं काढताना माझी छकुली कडेवर रडत होती, हातात नुकताच धुतलेला चमचा होता आणि तो पुसायला तिसरा हात नव्हता. पण सासूबाई, सत्यभामाबाई, मागे येऊन उभ्या राहिल्या तेव्हा मी "अगं बाई" एवढंच म्हणाले.

त्याचा अर्थ त्यांनी त्यांच्या सोयीने लावला. गल्लीतल्या समताच्या लेकीच्या बारशात, पंधरा बायांच्या पंगतीत त्या म्हणाल्या, "विमलच्या हाताले आता गुण नाही राह्यला. बरणीच्या बरणी नासली."

विमलकाकू भरल्या ताटावरून उठल्या.

तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणं बंद. आणि सोमवारी चिखलीच्या एका शाळेत माझी मुलाखत होती. सोयाबीन सोंगायला, म्हणजे कापायला आलेलं, त्या दिवशी घरातला प्रत्येक माणूस वावरात. दीड वर्षाच्या छकुलीला ठेवायचं कुठे? मी तिला कोणाकडे ठेवतच नाही. दुसऱ्या घरात गेलं की मला फक्त बटणं, चिंचोके आणि शेंगदाणे दिसतात, आणि सगळे तिच्या घशात अडकलेले दिसतात. विमलकाकूंच्या घरात मात्र मला काही दिसत नाही. काकू नाहीत तर मुलाखत नाही, नोकरी तर नाहीच.

"आई, काकूंना एकदा चुकलं म्हणा ना," मी म्हटलं.

"माही जीभ नाही वळत." त्या भाकर थापत होत्या.

"मग सॉरी म्हणा."

"सॉरी तं तिचा पोरगा देवानंद दिवसातून धा डाव म्हणते. दूध सांडलं, सॉरी. गाडी ठोकली, सॉरी. परवा मले ऐकू येईन असं बोलली विमल, सॉरी-बिरी घेऊन कोणी माह्या दारात येऊ नोका." भाकर तव्यावर टाकून त्या माझ्याकडे वळल्या. "यापेक्षा जड नाही का वं इंग्रजीत? इंग्रजीत लाज नाही वाटत. तोंड बोलते, आपण नाही बोलत."

मुलाखतीसाठी मी शब्दांची एक वही केली होती. त्यात 'सी'च्या पानावर सापडला. कॉन्ट्राइट. मनापासून पस्तावलेला. कोशात लिहिलं होतं की मुळात त्या शब्दाचा अर्थ भरडलेला असा आहे.

"डाळीवानी?" सासूबाईंनी विचारलं.

"हो, तसंच."

"मंग बरा हाय. जड हाय."

दोन दिवस आम्ही सराव केला. पीठ मळताना, शेंगा फोडताना. 'आय ॲम'चं आधी 'आयम' झालं. मग कॉन्ट्राइटचा कोपरा झिजला. मी दुरुस्त केलं की त्या म्हणायच्या, "तेच तं म्हणून राह्यली." हा शब्द खरं म्हणजे कोणी पाठ करायला हवा, हे मला समजत होतं. पण शिकवणाऱ्याला कोणी धडा विचारत नाही, म्हणून मी निवांत होते.

शनिवारी दुपारी आम्ही तिघी विमलकाकूंच्या ओसरीवर गेलो. काकू तूर निवडत होत्या. त्यांचे यजमान कडूबाकाका सोंगणीसाठी विळ्याला धार लावत होते. छकुली माझ्या कडेवरून घसरून थेट काकूंच्या मांडीवर. काकूंनी तिला घेतलं, पण मान वर केली नाही.

सासूबाईंनी पदर सारखा केला. "विमल," त्या म्हणाल्या, "आयम कंत्राट."

विळ्याचा आवाज थांबला. "कायचं कंत्राट?" कडूबाकाका म्हणाले. "सोंगणीचं असन तं मले सांगा. माह्याजवळ चार माणसं हायेत."

विमलकाकूंचा चेहरा मात्र बदलत गेला. त्यांनी मांडीवरच्या छकुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "असं का. पोट्टी सांभाळाचं कंत्राट घेऊन आल्या. माह्या हाताले गुण नाही, पण पोट्टी सांभाळाले चालते तो हात. काय भाव देतं वं, अनुपमा?"

"काकू, नाही. कंत्राट नाही, कॉन्ट्राइट." मी घाईने म्हटलं. "इंग्रजी आहे. म्हणजे मनापासून पस्तावलेलं."

"कोण पस्तावलं?"

मी सासूबाईंकडे बोट केलं. काकूंनी त्यांना वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं. सासूबाई खांबाला टेकून भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होत्या.

"हे? इच्या तोंडाकडं पाहून वाटते का?"

वाटत नव्हतं. त्या ओसरीवर भरडलेलं माणूस एकच होतं, आणि ते मुलाखतीचे कागद घरी नीट लावून आलं होतं. काकूंनी छकुलीला माझ्याकडे परत द्यायला उचललं.

"काकू, चुकलं माझं," मी म्हणाले. "बरणीत ओला चमचा मी घातला. आईंना माहीत नाही. मला माहीत होतं, मी बोलले नाही."

छकुली दोघींच्या मध्ये हवेत राहिली. मग काकूंनी तिला पुन्हा मांडीवर घेतलं.

"बुरशीच शिकली नं वं तू कॉलेजात?" सासूबाई म्हणाल्या.

"तीन साल," काकू म्हणाल्या. "आन चमचा पुसता येत नाही."

"आता दुसऱ्याच्या पोट्ट्याईले शिकवाले चालली."

"त्याइच्या डब्यात पाह्य म्हणा बुरशी, आपल्या बरण्या सोड."

पाऊण तास दोघींनी मला वाटून घेतलं. मधे चहा झाला. कडूबाकाकांनीही, कोणी विचारलं नसताना, ओल्या हाताने तिखटाचा डबा कसा नासतो ते सांगितलं. मी खाली मान घालून छकुलीच्या मुठीतून तुरीचे दाणे काढत होते.

उठताना सासूबाई दारापाशी थांबल्या. चप्पल शोधत, चपलेलाच म्हणाल्या, "पंगतीत बोलाले नव्हतं पाह्यजे म्या."

"ऐकू नाही आलं," विमलकाकू म्हणाल्या.

"मंग कान तपास चिखलीले जाऊन."

"ते जाऊन राह्यली नं सोमवारी, तिलेच विचाराले सांगतो." काकूंनी सूप बाजूला ठेवलं आणि माझ्याकडे वळल्या. "कितीची एसटी हाय वं?"

"साडेनऊची."

"नवाले आण पोट्टी. आंघोळ नोको घालू, मी घालीन. आन तिच्या वाटीतला चमचा," त्या म्हणाल्या, "पुसून आणजो."