वाळुंजाचे खुंट

“आक्का, जरा काठाकडं या. लई वाईट झालंय,” लोणीचा जानकू धनगर दारातूनच म्हणाला. डोईचं पागोटं त्याच्या हातात होतं. प्रयागबाई तशाच अनवाणी निघाल्या.

काठावर येऊन बघतात तर काय, वाळुंजाचे दीडशे खुंट सोलून निघालेले. पालवी गेलीच, पण मेंढरांनी सालसुद्धा दातांनी ओढून काढली होती.

घोडनदी दर पावसाळ्यात बाईंच्या वावराचा लचका तोडायची. नवरा गेलेला, मुलगा अमृत चाकणला कंपनीत. बाईंना उरलं होतं ते एवढं वावर आणि काठालगतची विहीर. माघात गुडघाभर चिखलात उभं राहून त्यांनी एकटीनं ते खुंट रोवले होते. वाळुंजाच्या फांदीचा तुकडा ओलीत खोचला की मुळ्या फुटतात आणि त्या मुळ्या काठ धरून ठेवतात. चैत्रात पालवी आली तेव्हा बाई पोरीसारख्या हरखल्या होत्या. आणि वैशाखात कांदा निघाल्यावर, दरसालच्या रिवाजानं, त्यांनीच जानकूला सांगावा धाडला, खतासाठी वावरात मेंढरं बसवा म्हणून. आता एवढी शहाणी बाई, पण कोवळा पाला बघून मेंढरू गप बसतंय होय? हात रिवाजानं चालले, डोकं मागं राहिलं, दुसरं काय.

“काठाच्या अंगाला जाळी लावायला पायजे व्हती. माझंच चुकलं,” जानकू म्हणाला.

“मी सांगितलं कुठं तुमाला? मेंढरं मीच बोलावली, भाऊ.”

मेंढरं बसवण्याची ठरलेली दोन पायली बाजरी तो घेईना. बाईंनी ती त्याच्या धोतराच्या सोग्यात ओतली आणि मग घरात जाऊन पोटभर रडल्या.

आषाढात धरणाचे दरवाजे उघडले. तीन दिवस नदी फुगलेली होती. चौथ्या दिवशी भरदुपारी काठ खचला आणि नदी विहिरीसकट सगळं वावर घेऊन गेली.

“आई, आता तरी इकडं ये,” अमृत फोनवर म्हणाला.

“बघू,” एवढंच बोलून बाईंनी फोन ठेवला.

पाणी उतरल्यावर जानकू आला तो डोक्यावर ताज्या वाळुंजाचा भारा घेऊनच. वावराच्या जागी वाहतं पाणी बघून त्याला भारा खाली ठेवायचं सुचेना.

“आता कुठं लावायचं, आक्का?”

बाईंनी काठाच्या खालच्या अंगाला बोट दाखवलं.

“शेजारी संपतचा काठ हाय अजून,” त्या म्हणाल्या. “त्याची विहीर बी काठालाच हाय.”

त्यांनी पदर खोचला आणि खुंट तोडायला घरातून कोयता आणला.