मोहाखालची बाहुली

“बाई, भेटली बाहुली!” मीराबाई दारातूनच ओरडली. “मांगच्या मोहाखाली गाडून ठेवली व्हती. अन् कोनं गाडली थे बी पाह्यलं मी.”

मीराबाई अंगणवाडीची मदतनीस. तिच्या एका हातात मातीनं माखलेली चिंध्यांची बाहुली आणि दुसऱ्या हातात मंगलीचं बखोट. मंगली वारलू मडावीची पोर, पाचेक वर्षांची. ती रडत नव्हती, नुसती बाहुलीकडे बघत होती.

अंगणवाडीच्या बाई इंदुताई मूळच्या सावली गावाकडच्या. गडचिरोली नवा जिल्हा झाला तेव्हा नोकरी लागली आणि या जंगलात आल्या. त्यांची शिस्त अशी, की आत पोरं आहेत हे बाहेरून कुणाला कळू नये. तपासणीला येणारे नेमकं याचंच कौतुक करत आणि इंदुताईंच्या अंगावर मूठभर मांस चढे.

“काऊन गाडली वं? बोल ना!” त्यांनी सवयीनं आवाज चढवला. असं दरडावल्यावर कोण बोलतं? मंगलीनं ओठ घट्ट मिटून घेतले.

गावात बातमी पसरायला काय वेळ लागतो! पोरांची सुकडी खाऊन होते न होते तोच वारलू दारात उभा राहिला.

“पोरीले घरी नेतो, बाई. आता नाई धाडत.”

गेल्या पावसाळ्यात त्याचं तान्हं बाळ तापानं गेलं होतं. बायकोला आता पुन्हा दिवस गेले होते. अशात घरच्याच पोरीनं बाहुली गाडावी, हे लक्षण काही बरं नाही, असं जो तो म्हणत होता.

“माहीच पोरगी हाये, पन भेव वाटते,” वारलू म्हणाला.

इथून एकदा घरी बसलेलं पोर परत येत नाही, हे इंदुताई जाणून होत्या. त्यांना वारलूचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

“भाऊ, जराक बसा. मले पोरीसंग बोलू द्या.”

त्या पोरांच्या तरटावर मंगलीशेजारी मांडी घालून बसल्या. बाहुली झटकून तिच्या मांडीवर दिली आणि गप्प राहिल्या. गप्प राहणं हे त्यांच्या स्वभावात नव्हतं. दोनदा शब्द ओठांवर आला आणि त्यांनी तो गिळला. शेवटी मंगलीच बोलली.

“भूक लागली व्हती तिले.”

“मंग?”

“मोह दूध पाजते ना. आमच्या बाळाले पाजते.”

इंदुताईंना उमजेना. त्यांनी वारलूकडे पाहिलं. तो मान खाली घालून बसला होता.

“दूधपितं लेकरू गेलं तं आमच्यात मोहाखाली ठेवतेत, बाई. मोहाले दुधावानी चीक रायते. पन हिले कोनी नाई सांगतलं. बाळ मामाच्या गावाले गेलं, म्हनलं व्हतं.”

“मी पाह्यलं,” मंगली म्हणाली. “तू बाळाले घेऊन गेला. मले नाई नेलं. मोहाचं बाया बोलत व्हत्या, थे आयकलं.”

“मंग इचारलं काऊन नाई?” वारलूनं मान वर केली.

“माय रडते.”

एवढीशी पोर वर्षभर हे मनात ठेवून होती! आपल्या अंगणवाडीत, आपल्या डोळ्यांपुढे.

मंगलीनं बाहुलीचं पोट दाबून पाहिलं. “हिचं नाई भरलं. बाळाचं भरते का?”

वारलू उठला आणि त्यानं तिचा हात धरला. “चाल, दाखवतो. बाई, तुमी बी चाला.”

गावाबाहेरच्या नाल्याकडे जाताना तो एवढंच म्हणाला, “उद्या धाडतो हिले.”

काठावर दुसरा, मोठा मोह होता. बुंध्याशी चार दगड, त्यावर पालापाचोळा. वारलूनं बोटानं जागा दाखवली. मंगली उकिडवी बसली, एक दगड चाचपून पाहिला, खोडावर हात फिरवला. मग बापाकडे वळली.

“तू रडला का तवा?”

वारलूनं इंदुताईंकडे पाहिलं. त्या नाल्याकडे बघत उभ्या राहिल्या.

“रडलो,” तो म्हणाला.

“मंग मी बी रडू का?”

“रड, पोरी.”

मंगलीनं भोकाड पसरलं. वारलू तिच्याजवळ मातीतच बसला. बऱ्याच वेळानं त्यानं खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तिचं नाक पुसलं आणि मग त्याच टोकानं आपले डोळे.