तळघर अजून ओलं आहे

धर्मपाल गुरुजींच्या नव्या घराचं तळघर एप्रिल लागला तरी वाळेना. बाभुळगावचा एप्रिल म्हणजे काय सांगावं! गच्चीवरचे पापड चहा उकळेपर्यंत कडक होतात, माणसं वाळतात, आणि हे मेलं तळघर ओलंच. गुरुजी नुकतेच रिटायर झालेले. खाली पुस्तकांची खोली करायची, भिंतींना प्लाय मारायचा, असं त्यांच्या मनात. प्लायचा ढीग येऊन पडला होता. देवीलाल सुतार रोज फोन करून डोकं खात होता.

घर बांधलं होतं धाकट्या भावानं, अश्वजितनं. यवतमाळला इंजिनियर. गृहप्रवेशाची वंदना झाली, पंगत बसली, आणि धर्मपालनं पाहुण्यांना खाली नेऊन भिंतीवरचा ओलीचा डाग दाखवला. "काळ्या मातीत तळघर काढलं यानं. इंजिनियर म्हणते सोताले!"

अश्वजितनं हातातलं ताट खाली ठेवलं. "नवं काँक्रीट हाये, वाळाले टाइम लागते. कोरडं करून देतो. पण तुह्या घरी आता जेवणार नाई." दोघंही एकाच मायची लेकरं. हट्टाला कोण कमी?

तेव्हापासून अश्वजित दर रविवारी यायचा. घरी नव्हे, साइटवर. अंगणातला जिना थेट तळघरात उतरायचा. तिथं जमिनीवर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेप लावून चिकटवलेला. त्याच्या खालून पाणी जमलं तर ओल जमिनीची, वरून जमलं तर हवेची. तो वाकून बघायचा, "हाये अजून," म्हणायचा. मग त्यांची आई, इंदूबाई, दुखरे गुडघे सांभाळत ताट घेऊन खाली यायची. काम चालू आहे तोवर ते घर नाही, आणि घर नाही तर जेवायला हरकत नाही, असा अश्वजितचा कायदा. प्लाय लागला की तळघराचं घर होणार आणि तो यायचा बंद होणार. हे आईला दोघांपेक्षा आधी कळलं होतं.

गुरुवारी धर्मपाल पेन्शनच्या कामाला बँकेत गेला होता, तो लवकर परतला. तळघरातून घरघर ऐकू आली. जाऊन बघतो तर खिडक्या बंद, कूलर फुल, आणि समोर इंदूबाई कानापर्यंत शाल ओढून बसलेली.

"माय, हे काय करून राह्यली?"

"मले गरम होते," ती कुडकुडत म्हणाली.

प्लास्टिकवर थेंबच थेंब. धर्मपालच्या डोक्यात उजेड पडला आणि पाराही चढला. "महिनाभर त्या पोराले शिव्या घालून राह्यलो ना मी!"

"मंग घाल अजून. कोरडं झाल्यावर तो येईन काय इथं? तू बोलावशीन?" तिचे डोळे भरून आले. "मले माहा पोरगा पाह्याले भेटत नाई, धर्मा."

धर्मपालनं कूलर बंद केला आणि वर निघून गेला.

रविवारी प्लास्टिक ठणठणीत कोरडं. अश्वजित वाकून बघत राहिला, धर्मपाल शेजारीच उभा.

"कूलर बंद केला काय, दादा?"

"तुले माहीत होतं?"

"पाणी वरून होतं ना. खालून तर कवाचंच नाई."

"मंग बोलला काहून नाई?"

अश्वजित नखानं टेपचा कोपरा खरवडत बसला. "बोललो असतो तर मंग कायले आलो असतो?"

आता 'वर चल' एवढंच म्हणायचं होतं. पण त्या धर्मपालच्या तोंडून ते निघेल तर शपथ! जिन्यावर इंदूबाई रिकाम्या हातानं उभी. आज ताट आणावं की नाही, हेच तिला कळत नव्हतं.

तेवढ्यात देवीलालचा फोन. "गुरुजी, उद्या येऊ काय प्लाय ठोकाले?"

धर्मपालनं खडखडीत भिंतीवरून हात फिरवला. "नाई रे बावा. लय ओल हाये अजून."

फोन खिशात टाकून त्यानं कूलरचं बटण दाबलं.

"माय, तू बस त्याच्यापाशी. ताटं मी आणतो," तो म्हणाला. "तुही शाल कुठी ठेवली?"