उन्हात ठेवलेले चेहरे

फिक्री उस्तांच्या फोटो स्टुडिओपुढे सकाळी आठलाच रांग लागायची. एरवी रशीद गावचा माणूस जन्मात दोनदा फोटो काढायचा, एकदा लग्नात आणि एकदा सरकारी ओळखपत्रासाठी. आता मात्र मासळी विकणाऱ्या बायका टोपल्या दाराशी टेकवून उभ्या होत्या, वीटभट्टीवाले अंगावरची धूळ झटकत होते, आणि नव्वदीची एक म्हातारी तर खुर्चीसकट उचलून आणली होती. सगळ्यांना एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. आपल्याला कोणाची नजर लागलीय का?

हे जाणून घेण्याची सोय शेख दसूकींनी करून दिली होती. दोन महिन्यांपूर्वी ते नदीच्या पलीकडच्या काठावरून होडीने आले, उस्तांच्या स्टुडिओत चहा प्यायले आणि तिथेच रमले. कॅमेऱ्याशेजारी वेताच्या खुर्चीत बसून ते जपमाळ ओढत आणि येईल त्याला ऐकवत, "जीभ खोटं बोलते, डोळा खोटं बोलतो. कागद मुका आहे. मुक्याला खोटं बोलता येतं का, सांगा बरं?" मुक्याला खरं तरी कुठे बोलता येतं, असं विचारायचं रांगेत कोणाला सुचलं नाही.

रीत अशी होती. उस्तांनी फोटो काढायचा, तो काळ्या कागदाच्या बंद पाकिटात द्यायचा. पाकीट घरी न्यायचं, पण शुक्रवारच्या नमाजापर्यंत फोडायचं नाही. मग फोडायचं आणि फोटो खिडकीत उन्हाला ठेवायचा. शेखच्या भाषेत, फरिश्त्यांच्या उजेडात. माणूस निर्मळ असेल तर फोटो तसाच राहणार. नजर लागली असेल तर तिसऱ्या प्रहरापर्यंत चेहरा वांग्यासारखा जांभळा होत होत काळवंडणार.

आणि खरंच काळवंडायचे. पहिला काळवंडला तेव्हा गल्लीतल्या बायकांनी तोंडात बोटं घातली, तिसरा काळवंडला तेव्हा बाजार बंद पडला. ज्याचा चेहरा काळा पडला, त्याने शेखकडे यायचं. शेख तुरटी जाळत, कागदाची बाहुली सुईने टोचून टोचून धुपात टाकत, मग उस्ता पुन्हा फोटो काढत. तो त्याच खिडकीत, त्याच उन्हात जसाच्या तसा राही. बरं झालेली माणसं कृतज्ञतेने बदकं आणून देत. शेखच्या खोलीतून जपापेक्षा बदकांचाच आवाज जास्त यायचा.

उस्तांची मुलगी सुहैर पंधरा वर्षांची होती, मुलींच्या शाळेत नववीत. चार वर्षांची असताना तिची आई गेली. तेव्हापासून तिला वाढवलं ते आईच्या बहिणीने, वरच्या मजल्यावर राहणाऱ्या अतियातमावशीने. मावशी शिवणकाम करायची. रशीदमधल्या निम्म्या नवऱ्या मुली तिने शिवलेल्या पोशाखात उस्तांच्या कॅमेऱ्यापुढे बसल्या होत्या. मावशीचे डोळे निळसर होते आणि पुढच्या दोन दातांत फट होती. तिकडे अशा माणसाची नजर वाईट म्हणतात. आजवर ते थट्टेत म्हणत. मावशी स्वतःच म्हणायची, "माझी नजर एवढी जालीम असती, तर तुझ्या बापाचं पोट आधी वितळलं असतं."

मग उस्तांच्या बालमित्राच्या मुलीचा फोटो काळा पडला. बदवीकाका होड्या बांधायचे. ते आणि उस्ता एकाच गल्लीत वाढलेले, एकमेकांच्या लग्नात नाचलेले. त्यांच्या नेमातचं लग्न ठरलं होतं, पोशाख अर्थात मावशीचा. शुक्रवारी खिडकीत नेमातचा चेहरा जांभळा झाला आणि शनिवारी नवऱ्याकडच्यांचा निरोप आला की जरा थांबू. बदवीकाका स्टुडिओत येऊन लहान मुलासारखे रडले. उस्तांनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. शेखने डोळे मिटले आणि विचारलं, आतापर्यंत काळ्या पडलेल्या आठजणींत किती जणींनी अतियातने शिवलेलं घातलंय? सहा जणींनी, लोकांनी मोजून सांगितलं. गल्लीत शिवणारी बाई एकच असताना सहा निघणारच, हा साधा हिशेब कोणी केला नाही.

सुहैरनेही केला नाही. पण ती मावशीच्या बाजूने भांडली मात्र कडाकडा. शाळेत, पाणवठ्यावर, पावाच्या दुकानात. शेखने हे ऐकलं आणि गोड हसून म्हटलं, मग या पोरीचाच फोटो काढा की. जी मावशीच्या मांडीवर वाढली, तिचा चेहरा काय सांगतो ते पाहू.

उस्तांनी स्वतः तिची वेणी खांद्यावरून पुढे घेतली, हनुवटी बोटाने जरा वर केली. "हसू नकोस, पण हसावंसं वाटतंय असं बघ," ते म्हणाले. लहानपणापासून ते तिला हेच सांगायचे.

शुक्रवारी तिने फोटो खिडकीत ठेवला आणि समोर मांडी घालून बसली. आधी कपाळ जांभळं झालं, मग गाल, मग सगळंच. आत कुठेतरी तिचं ते न हसलेलं हसू बुडून गेलं.

संध्याकाळी मावशी रोजच्यासारखी मुलुखियाच्या भाजीचं पातेलं घेऊन खाली आली. सुहैरने दार उघडलं नाही. मावशीने दोनदा हाक मारली. दाराआडून सुहैर म्हणाली, "माझ्याकडे बघू नकोस." पातेलं उंबऱ्याबाहेर ठेवून मावशी जिना चढून गेली. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या आठवड्यात मावशीच्या दारावर कोणीतरी नजर अडवायचा चिखलाचा पंजा उमटवला. कपडे टाकलेल्या बायका अर्धवट शिवलेले पोशाख परत घेऊन गेल्या. शेखने जाहीर केलं की येत्या शुक्रवारी नमाजानंतर स्टुडिओपुढे सगळ्यांनी जमावं. गाव वाचवायचं तर एका माणसाने गाव सोडलं पाहिजे. नाव घ्यायची गरजच उरली नव्हती.

बुधवारी सुहैर शाळेतून परतली तेव्हा उस्ता चहाच्या दुकानात बसले होते. स्टुडिओ रिकामा होता. तिला एकच हवं होतं, आपला चेहरा परत हवा होता. निगेटिव्ह असेल, एक प्रत काढू, एवढाच विचार. आठव्या वर्षापासून ती बाबांच्या हाताखाली फोटो धुवायची. पण शेख आल्यापासून त्यांनी तिला काळोखाच्या खोलीत येऊ दिलं नव्हतं. अभ्यासाचं वर्ष आहे, म्हणाले होते.

लाल दिव्याखाली तिने निगेटिव्हमधून कागदावर उजेड पाडला, कागद पहिल्या ताटलीत सोडला, औषधात तिचा चेहरा हळूहळू वर आला. छान, गोरा, स्वच्छ. तो पाण्यातून काढते न काढते तोच बाहेर दाराशी शेखचा खोकला ऐकू आला. तिने फोटो ओढणीखाली घातला आणि मागच्या दाराने धूम ठोकली. नदीकाठी पोचल्यावर धापा टाकत तिने तो उन्हात धरला.

तो तिच्या हातातच जांभळा होऊ लागला.

आधी ती घाबरली. आजूबाजूला पाहिलं. मावशी दूर घरात होती, काठावर फक्त एक गाढव होतं आणि त्याची नजर गवतावर होती. मग तिला आठवलं की घाईत तिने शेवटची ताटली वगळली होती. हायपोची. औषधातून निघालेल्या फोटोच्या कागदावर चांदीचा न वापरलेला क्षार उरतो. हायपो तो धुऊन काढतो. काढला नाही तर ऊन लागताच सगळा कागद काळवंडतो, मग त्यावर शेख असो, गाढव असो की सुहैर. बाबांनी तिला शिकवलेला हा पहिला धडा होता. हायपोत पाच मिनिटं, वरून बाप जरी हाका मारत असला तरी पाच मिनिटं.

कोडं सुटल्याचा आनंद तिला पाचसहा श्वास तेवढा झाला. मग ती तिथेच दगडावर बसली. तिची चूक एकदा झाली होती, घाबरून. तीस वर्षांत बाबांचा एक फोटो बिघडला नव्हता. त्यांच्या हातून हीच चूक नऊ वेळा कशी होईल?

ती स्टुडिओत परतली तेव्हा शेख आत वामकुक्षीला गेले होते आणि बाबा ताटल्या पुसत होते. तिने काळा फोटो टेबलावर ठेवला.

"हायपोत घातला नाही, की असा होतो," ती म्हणाली.

उस्तांनी फोटोकडे पाहिलंच नाही. "हायपो जुना झाला असेल."

"नऊ वेळा?"

त्यांनी हातातली ताटली खाली ठेवली. मग सगळं हळूहळू बाहेर आलं. शेख रांगेतल्या लोकांशी गोड बोलून कोण खचलंय ते हेरायचे, त्याच्या डोक्यावर दोनदा हात फिरवायचे, आणि त्याचा फोटो उस्ता तिसऱ्या ताटलीत घालायचे नाहीत. उपचारानंतरचा फोटो मात्र घालायचे. एवढंच. आता गावात त्यांना रस्त्यात थांबवून सलाम करतात, ते म्हणाले. तीस वर्षं कोणी केला नव्हता.

"आणि मावशी?"

"मी कोणाचं नाव घेतलं नाही, सुहैर. नाव शेखने घेतलं. मी फक्त एक ताटली वगळली."

"आणि माझा फोटो?"

उस्तांनी पहिल्यांदा मान वर केली. "तुझ्याशिवाय लोकांचा पक्का विश्वास बसत नव्हता."

सुहैरला वाटलं होतं की ते नाही म्हणतील, किंवा रडतील, किंवा निदान शेखने धमकावलं असं सांगतील. असं काहीच झालं नाही. तिची हनुवटी वर करणारं ते बोट तेव्हाही सगळं जाणत होतं.

शुक्रवारी सकाळी उस्ता अंघोळीसाठी हमामला गेले तेव्हा ती पुन्हा काळोखाच्या खोलीत शिरली. भिंतीवर शेखची मोठी तसबीर होती, तिची निगेटिव्ह डब्यात होती. तिने एक प्रत काढली. मग कागद आडवा धरून फक्त अर्धा, नाकाच्या रेषेपर्यंत, हायपोत बुडवला. पाच मिनिटं. बुडवलेली बाजू खालीच ठेवून धुतला, वाळवला, काळ्या पाकिटात घातला.

नमाजानंतर स्टुडिओपुढे मुंगीला शिरायला जागा नव्हती. मावशीला दोघांनी वरून खाली आणलं होतं. ती डोळे जमिनीला लावून उभी होती, कोणाला आपली नजर लागू नये म्हणून. ते पाहून सुहैर पुढे झाली.

"शेखसाहेब, सगळ्यांचे पाहिले. आज तुमचा निर्मळ चेहरा गावाला दिसू द्या," असं म्हणून तिने पाकीट पुढे केलं. शेखना वाटलं, उस्तांनी खुशामत म्हणून काढलेली प्रत असेल. ते फुलले. "चाळीस अवलियांचं छत्र आहे या डोक्यावर. सहाराच्या उन्हात टाका, केस वाकडा होणार नाही," म्हणाले आणि स्वतःच्या हाताने पाकीट फोडून फोटो उंबऱ्यावर उन्हात ठेवला.

लोक वाकले. थोड्याच वेळात शेखचा डावा गाल जांभळा होऊ लागला. डावा डोळा बुडाला, अर्धी दाढी बुडाली, आणि उजवी बाजू पांढरी स्वच्छ राहिली. मधली रेघ पट्टीने ओढल्यासारखी सरळ. शेवटी मागून एक मासळीवाली म्हणाली, "शेखसाहेब, तुम्हाला नजर लावणारी बाई काणी होती वाटतं."

हशा पिकला. शेख म्हणाले, पापी हातांनी फोटो बाटवलाय. सुहैर म्हणाली, "बरोबर. हात माझेच." तिने हायपोची ताटली बाहेर आणून ठेवली आणि सरळ शब्दांत सांगितलं. कशात घातलं की फोटो टिकतो, कशात नाही घातलं की उन्हात काळा होतो, आणि म्हणूनच पाकीट काळं, खिडकी उन्हाची आणि अट शुक्रवारची. ज्याला शंका असेल त्याने आत यावं, स्वतःच्या हाताने करून पाहावं. भट्टीवाले दोघे खरंच आत गेले आणि अर्धेच हायपोत बुडवलेले कागद नाचवत बाहेर आले, उन्हात तेही अर्धेअर्धे काळे पडले. तोवर शेख होडीच्या दिशेने निघाले होते. बदकं मागेच राहिली.

बदवीकाका हसले नाहीत. ते गर्दीतून वाट काढत उस्तांपुढे आले.

"फिक्री, माझ्या नेमातचा फोटो तू यात घातला नव्हतास?"

उस्तांनी फक्त होकाराची मान हलवली. बदवीकाकांनी हात उचलला नाही, शिवीही दिली नाही. "माझ्या पाठीवरून हात फिरवत होतास," एवढं म्हणून ते घरी गेले. त्या दोघांचं बोलणं पुढे कधी झालं नाही.

लोक मावशीभोवती जमले. कोणी माफी मागत होतं, कोणी पोशाख परत शिवायला आणतो म्हणत होतं. सुहैर सगळ्यात मागे उभी राहिली. गर्दी पांगल्यावर ती जिना चढून वर गेली आणि म्हणाली, "मावशी, बाबांनी मला फसवलं."

मावशी शिवणयंत्रावरची धूळ पुसत होती. "गल्लीला फसवलं, मान्य. गल्लीला माझे फक्त डोळे माहीत होते," ती म्हणाली. "तू अकरा वर्षं माझ्या हातचं जेवलीस, पोरी. आणि मी कशी आहे ते विचारायला गेलीस कागदाला."

यावर आपल्यापैकी किती जणांकडे उत्तर असेल? भोंदूला हायपोची ताटली सापडते, तेव्हा तिच्याआधी त्याला आपला घाबरटपणा सापडलेला असतो. चमत्कार पाहिलात तर आ वासायच्या आधी विचारा, हे बंद पाकिटात का, उन्हातच का, मी स्वतः करून पाहू का? एक गोष्ट बदलून पाहा, काय होतं ते तपासा. आणि या सगळ्याला वेळ लागणार असेल तर लागू द्या, पण तोवर एखाद्या माणसाच्या तोंडावर दार लावू नका. खोटा ठरलेला चमत्कार दुसऱ्या दिवशी विसरला जातो. लावलेलं दार उघडायला फार दिवस लागतात.