सोन्याचा लाल कण

मी सोन्याचा कण बोलतोय. लहान आहे, म्हणून हलक्यात घेऊ नका. केसाच्या जाडीत माझ्यासारखे हजारो मावतील. गळ्यात मिरवायला मी जन्मलो नाही. मला काम आहे.

सोलापुरातल्या एका प्रयोगशाळेत सोन्याच्या क्षाराचं पिवळं पाणी बाटलीत होतं. त्यात मी होतो. धम्मप्रिया मॅडम ते उकळायच्या, वर दुसरा क्षार घालायच्या. मग सोन्याचे कण होऊन पाणी लाल व्हायला हवं. पण दोन घाणे निळे पडले. कण एकमेकांना चिकटले, वाया गेले. मॅडमनी सोन्यातच खोट काढली. मला ते लागलं.

आता सोनं एकाच घाण्यापुरतं उरलेलं. कणांना तापवायला आणलेला लेसरचा दिवा उसना, संध्याकाळी पुण्याला परत जाणार.

काचसामान धुणारे सिद्धलिंगप्पा पूर्वी सूत रंगवायचे. त्यांच्या बायकोला, पार्वतम्माला, तोंडाचा कॅन्सर. उपचार बार्शीला चालू. त्यांनी ते निळं पाणी उजेडात धरलं आणि मान खाली घातली.

"म्याडम, चूक माजी हाय. शेवटची विसळणी बोअरच्या पाण्यानं केली. डिस्टिल पाणी नुसतं सांडायला हात धजला न्हाय."

चार-पाच दिवसांनी नळ येणाऱ्या गावात पाणी राखायची सवय हाडात मुरते. खारं पाणी रंग मोडतं, हे त्यांना ठाऊक होतं. काचेला राहिलेल्या दोन थेंबांनी काय होतंय, असं वाटलं होतं.

मॅडम रागावल्या नाहीत. "आप्पा, आता सांडा की. अख्खा कॅन भरलाय."

तिसरा घाणा लालभडक उतरला. त्यात मी!

कॅन्सरच्या पेशीलाच धरेल असा लेप माझ्या अंगावर चढवला. एका बशीत कॅन्सरच्या पेशी, दुसरीत चांगल्या. दोन्हींत आम्हाला सोडलं. मी कॅन्सरच्या पेशीला चिकटलो, आत शिरलो. दुसऱ्या बशीतले माझे भाऊ कुणाला धरेनात, धुताना वाहून गेले. मग लेसरचा हिरवा झोत आला. असा तापलो, की पेशी आतून भाजून निघाली. शेजारच्याही पटापट मेल्या. चांगल्या पेशींवर तोच झोत टाकला. त्या जशाच्या तशा!

मॅडमनी सूक्ष्मदर्शकातून दोनदा पाहिलं, मग सिद्धलिंगप्पांना बसवलं. ते डोळा काढेनात. शेवटी म्हणाले, "मग बार्शीच्या फेऱ्या बंद करू का? हिला हितंच आणतो."

मॅडम खुर्ची ओढून समोर बसल्या. हे बशीतलं आहे, म्हणाल्या. अजून उंदरांवर बघायचं, मग माणसांवर. वर्षं जातील. तोवर एकही फेरी चुकवायची नाही.

सिद्धलिंगप्पांनी सूक्ष्मदर्शकाकडे एकदा वळून पाहिलं.

"उद्या बार्शीची साडेसहाची यष्टी हाय," म्हणाले आणि उठले.

मी अजून बशीतच आहे. पेशी मेली, मी शाबूत. थोड्या वेळानं बशी टाकून देतील. त्याचं दुःख नाही, माझं काम झालं. पुढचं माझे भाऊ बघतील.

पार्वतम्मा, गाडी चुकवू नका. आज जे औषध आहे ते घ्या. आमची वाट बघत घरी बसू नका. आम्ही निघालोय, पण पल्ला लांबचा आहे. पोचू तेव्हा तुम्ही असायला हव्यात.