उपवासाच्या ताटात काय उरलं

"सर, पाचशे वर्षांपूर्वी लोक उपवासाला साबुदाण्याची खिचडी खायचे का?"

विचारलं बाई एकदाचं! मधल्या सुट्टीत माझ्या डब्यातली एकादशीची खिचडी फस्त करता करता मानसी आणि अक्षता या मैत्रिणींनी पैज लावली होती, "तू वर्गात तोंड उघडूनच दाखव." बरोबरच होतं त्यांचं. नववीपर्यंत मी हजेरीलासुद्धा पुटपुटायचे. दहावीत जरा कंठ फुटलाय.

वर्ग फिदीफिदी हसला. इतिहासाचे प्रबुद्ध सर मात्र हसले नाहीत. खडू खाली ठेवून म्हणाले, "नाही. साबुदाणा इथे नव्हताच."

आणि सर सुटले! साबुदाणा ज्या कंदाचा, तो ब्राझीलकडचा. बटाटा, शेंगदाणा, रताळं, राजगिरा, मिरची, सगळी मंडळी अमेरिकेतून समुद्र ओलांडून आलेली. "मग उपवासाला चालतात कशी?" मी विचारलं.

"एक अंदाज असा, की काय खायचं नाही हे ठरलं तेव्हा ही नावंच कुणाला माहीत नव्हती. मनाई करणार कोण?"

"आणि आपल्या बाजूनं तिकडे काय गेलं, सर?" हा प्रश्न पैजेतला नव्हता. माझा होता.

घोडे गेले, गाई गेल्या. तिकडे ही जनावरं नव्हतीच. ऊस गेला, आणि तो तोडायला आफ्रिकेतली माणसं साखळदंडांनी बांधून जहाजांच्या पोटात कोंबून नेली. देवीची साथ गेली आणि तिकडची गावंच्या गावं ओस पडली. आता कुणीच हसत नव्हतं. माझा रिकामा डबा दप्तरात होता, पण मला तो एकदम जड वाटायला लागला.

चारकोपला घरी आले तर बाबा खुशीत. उद्या बोरिवलीला जाऊन ते अकरावी सायन्सच्या क्लासमध्ये माझं नाव पक्कं करणार होते. मला कोणी विचारलं नव्हतं. मीही कधी बोलले नव्हते.

आईनं फराळ वाढला. मी एकेक वाटी ताटाबाहेर ठेवायला लागले. खिचडी गेली. बटाट्याची भाजी गेली. दाण्याची आमटी गेली. राजगिऱ्याचा लाडू गेला.

"अगं भवाने, उपास करतेयस की संप?" आई ओरडली.

मी सगळं भडाभडा सांगितलं. ताटात उरले होते नुसते वरीचे तांदूळ आणि ताक. बाहेर मात्र वाट्यांची रांग, आणि त्या रांगेमागे अख्खा समुद्र.

"मिरचीपण नाय?" बाबा दचकले. ते मालवणचे. "मगे आमचे पूर्वज तिखट म्हणान खायत काय होते?"

"मिरी, बाबा."

"काजू तरी आपलो?"

गावच्या काजूच्या झाडांवर बाबांचा भारी जीव. दर मे महिन्यात खोडावर हात फिरवून म्हणतात, ही आपली पूर्वापारची. मी हळूच म्हणाले, "तोही ब्राझीलचा. पोर्तुगीजांनी आणला."

बाबांनी ताटाबाहेरचा लाडू उचलून हातात घेतला. मग म्हणाले, "मगे आमच्या गावात काजूचा पयला झाड लावल्यान कोणी?"

"माहीत नाही."

"सरांका विचार."

"सरांनाही नसेल माहीत. कुणीतरी शोधायला हवं ना?" माझा आवाज थरथरला, पण थांबला नाही. "बाबा, उद्या बोरिवलीला जाऊ नका. आई, तूपण ऐक. मी सायन्सला जाणार नाही. आर्ट्स घेणार आहे, आणि इतिहास शिकणार आहे."